न येणाऱ्या माशा : प्रकल्प नोंदी

२० एप्रिल, सावईवेरे, गोवा

सुरुवात शेजारच्या काकांच्या तक्रारीपासून. कुळागराच्या कडेला त्यांची मानकुराद आंब्याची सात झाडं आहेत आणि दरवर्षी ते फळमाशीचे सापळे टांगतात. आज दुपारी रिकामी बाटली हातात घेऊनच आले. "बाय, पूर्वी आठवड्यात तळ झाकायचा. आता बघ, चार माशा. शाणी झाली गो ती."

मी हसले. पण संध्याकाळी दिवा लावायला तुळशीपाशी गेले तेव्हा तेच वाक्य डोक्यात घोळत होतं.

सापळ्यात असतं मिथाइल युजेनॉल. लवंगेच्या युजेनॉलचं हे सख्खं भावंड, वासही तसाच, जरा सौम्य. ओरिएंटल फळमाशीचे नर या वासावर तुटून पडतात. माद्या ढुंकून बघत नाहीत. नर टिपून मारले की माद्या बिनजोडीच्या राहतात, असा हिशोब. ही ओढ पहिल्यांदा नीट टिपली ती आपल्याच देशात. बिहारमधल्या पुशाच्या शेतकी संशोधन संस्थेतल्या हाउलेट या कीटकशास्त्रज्ञाने सिट्रोनेला तेलावर फळमाशीचे नर जमतात हे १९१२ साली नोंदवलं, आणि १९१५ मध्ये नेमकं कारण शोधलं : मिथाइल युजेनॉल.

माशी शहाणी होत नाही. पण शंभरातले पाच नर मुळातच त्या वासाला भुलत नसतील, आणि आपण वर्षानुवर्षं भुलणारेच मारत आलो असू, तर मागे उरतील ते न भुलणारे. त्यांची पोरं त्यांच्यासारखी निघाली, तर काका नकळत बरोबर बोलले.

भाची सुट्टीला आली आहे आणि काकांचा नातू दिवसभर इथेच असतो. दोघंही यंदा बारावीला. दोघांना म्हटलं, प्रकल्प करायचा आहे ना? हा घ्या. प्रश्न एकच : आपल्या गावच्या फळमाशांत "न येणारे" नर आहेत का, आणि असले तर ते रक्तातून येतं का?

२३ एप्रिल

झाडाखाली पडलेले आंबे गोळा केले, दोन टोपल्या. चांगले पाहून नाही, मऊ पडलेले, डेखाकडे टोचल्याची काळी खूण असलेले. खालच्या पातेल्यात चार बोटं वाळू, वर जाळी, जाळीवर आंबे. अळी पूर्ण वाढली की फळातून बाहेर पडते, वाळूत शिरते आणि तिथेच कोष करते.

नातवाला अळ्या उड्या मारतात हे माहीत नव्हतं. अळी शेपटीला तोंड लावून धनुष्यासारखी वाकते आणि सुटते, वीतभर लांब जाऊन पडते. पहिली त्याच्या कॉलरमध्ये गेली. त्यानंतर तो टेबलापासून हातभर लांबच बसला.

टेबलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले आहेत. मुंग्यांना अळ्या सापडल्या तर प्रकल्प एका रात्रीत आटोपेल.

१ मे

वाळू चाळली. गव्हाच्या दाण्याएवढे तपकिरी कोष, दोनशेच्या वर. आईने चाळणी ओळखली आणि परत घेणार नाही म्हणून सांगितलं.

१० मे

सकाळपासून माशा निघताहेत. जुन्या मच्छरदाणीच्या कापडाचे पिंजरे भाचीने शिवले आहेत, त्यात साखर, यीस्टची पूड आणि पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा.

ओळख पटवण्यात अर्धा दिवस गेला. भिंगाखाली माशी सुंदर दिसते. काळपट पाठीवर दोन्ही बाजूंना पिवळ्या पट्ट्या, पोटावर काळी 'टी' सारखी खूण. नवखा माणूस हिला गांधीलमाशीचं पिल्लू समजेल. मादीच्या शेपटीला टोकदार सुई, नराचं टोक बोथट. शिवाय आंब्या-पेरूवर हिच्या चुलतबहिणीही असतात आणि त्यांतल्या काहींचे नरही याच वासाला येतात. आपल्या माशीच्या पंखाची वरची कड सलग काळपट असते. ज्यांची कड मध्येच तुटते त्या बाजूला काढल्या. वेगळ्या जातीची माशी मिसळली तर "गावच्या माशांतला फरक" म्हणून भलतंच काही मोजलं जाईल.

नर आणि माद्या वेगळ्या पिंजऱ्यांत. चिठ्ठीवर निघाल्याची तारीख. तारीख इतकी का महत्त्वाची ते दोघांना पटलं नाही.

१४ मे

आता पटलं. मी बाजारात गेले असताना दोघांनी न सांगता चाचणी घेऊन टाकली. कापसावर दोन थेंब, पिंजऱ्यात ठेवला, अर्धा तास वाट पाहिली. एकही नर आला नाही. मी आले तर नातू आनंदाने सांगतो, सगळे न येणारे निघाले!

चार दिवसांचे नर ते. वयात आले नाहीत तोवर या वासाशी त्यांना कर्तव्य नसतं. ओढ वयाबरोबर येते आणि दोन आठवड्यांनी कुठे भरात असते. म्हणजे न येण्याचं पहिलं कारण लहान वय. रक्ताचा त्यात संबंध नाही.

२७ मे

पाऊस यंदा लवकर आला. कालपासून घरात ओल आहे. आज पहिली खरी चाचणी. नरांचं वय सतरा दिवस. मागच्या खोलीत दोन माणसांची मच्छरदाणी टांगली, मधोमध बशीत कापूस, त्यावर एक थेंब. वेळ सकाळी नऊ, कारण या वासाची ओढ सकाळी जास्त असते आणि मीलन तिन्हीसांजेला.

बावन्न नर सोडले. तिसऱ्या मिनिटाला पहिला उतरला. सरळ येत नाहीत. हवेत नागमोडी जातात, मागे सरतात, परत पुढे येतात, बशीच्या कडेवर उतरून चालत कापसापर्यंत पोचतात. मग सोंड टेकवतात आणि हलतच नाहीत. बोटाने ढकललं तरी पुन्हा तिथेच. एवढी तल्लीनता मी फक्त चवथीला मोदकांपुढे बसलेल्या पोरांत पाहिली आहे.

अर्ध्या तासात एक्केचाळीस आले. अकरा जाळीला वर चिकटून बसले.

२८ मे

तेच नर, तीच वेळ. कालच्या न आलेल्या अकरांतले आज सात आले. कालच्या आलेल्या एक्केचाळिसांतले फक्त पाच.

भाचीने वही मिटली आणि विचारलं, "मावशी, मग येणारा कोण आणि न येणारा कोण?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर मला उशिरा सुचलं, आणि चूक माझीच. कापूस उघडा ठेवला होता.

३० मे

चूक समजायला त्या नराला हा वास हवा कशाला असतो ते समजायला हवं.

नर मिथाइल युजेनॉल चाटतो ते भूक म्हणून नाही. पोटात ते बदलतं, त्यातून कोनिफेराइल अल्कोहोलसारखी द्रव्यं होतात आणि ती गुदग्रंथीत साठतात. तिन्हीसांजेला नर पंख फडफडवत हेच द्रव्य हवेत सोडतो, मादीला बोलावतो. हवाईतल्या प्रयोगांत चाटलेल्या नरांनी न चाटलेल्यांना जोडीदार मिळवण्यात मागे टाकलं. म्हणजे हा माशीचा अत्तराचा फाया आहे. एकदा लावला की बरेच दिवस पुरतो, आणि पुरतो तोवर नराला पुन्हा त्या वासाची तेवढी ओढ राहत नाही.

तेव्हा परवा न आलेल्यांतले बहुतेक तृप्त होते. न येण्याचं दुसरं कारण : आधीच भरलेलं पोट.

यातच खरी मजा आहे. मादीला चाटलेला नर आवडतो, म्हणजे निसर्ग वासाला भुलणाऱ्यांच्या बाजूने. सापळा भुलणाऱ्यांनाच मारतो, म्हणजे शेतकरी न भुलणाऱ्यांच्या बाजूने. बागेत दोघांची रस्सीखेच चालू आहे.

जाता जाता : वर्गात पीटीसी नावाच्या रसायनात भिजवलेल्या कागदाचा प्रयोग दरवर्षी होतो. काहींना कडूजहर लागतो, काहींना कोरा कागद चघळल्यासारखा. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स प्रयोगशाळेत ही पूड ओतत होता, ती उडाली, शेजारचा सहकारी कडू लागलं म्हणून ओरडला आणि फॉक्सला काहीच लागलं नाही. तिथून हा शोध. फरक मुख्यतः एका जनुकातला, टीएएस२आर३८ नावाच्या. आमच्या घरात आईला कडू लागतो, मला नाही. जिभेवर कागद ठेवला की माणूस तोंड वाकडं करून सांगतो तरी. माशीच्या बाबतीत ती आली नाही एवढंच दिसतं. का आली नाही ते आपणच शोधायचं.

५ जून

काकांच्या सापळ्याची तपासणी. हे आधीच करायला हवं होतं.

बाटलीतला प्लायवूडचा चौकोनी तुकडा काढला. अल्कोहोल, मिथाइल युजेनॉल आणि मॅलॅथिऑन हे कीटकनाशक ६:४:१ प्रमाणात मिसळून त्यात भिजवलेला, नेहमीचाच. नाकाशी नेला तर लवंग नाहीच, नुसता जुन्या लाकडाचा वास. काका, कधीचा? "गेल्या आधीच्या सालचा असेल." साधारण दोन महिन्यांनी बदलायचा असतो. शिवाय दोन बाटल्या दोडक्याच्या मांडवात टांगलेल्या. वेलवर्गी भाज्यांची माशी निराळी, तिचे नर क्यूल्यूर नावाच्या दुसऱ्या आमिषाच्या वासाला येतात, याला नाही.

नवा तुकडा घालून बाटली आंब्याखाली टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाने मोजल्या : छत्तीस.

काका जरा हिरमुसले. माशी शहाणी झाली ही गोष्ट त्यांनी अख्ख्या वाड्याला सांगितली होती. मीही थोडी हिरमुसले, खोटं कशाला सांगा.

पण छत्तीस आल्या म्हणून न आलेल्या नाहीतच, असं थोडंच आहे? सापळ्याची मोजणी फक्त आलेल्यांची होते. प्रकल्प चालू.

८ जून

दुसरी खेप. हे नर १८ मेला निघालेले. या वेळी कापूस छोट्या काचेच्या नळीत, तोंडावर जाळीचं कापड. वास येईल, चाटता येणार नाही.

आणि प्रत्येक नराला खूण. माश्या डब्यात घालून फ्रीजमध्ये चार मिनिटं ठेवल्या की गारठून निपचित पडतात. मग टाचणीच्या टोकाने पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका. लाल डावीकडे, लाल उजवीकडे, गुलाबी मध्ये, असे मेळ बसवून तीस नर वेगवेगळे केले. ठिपका पंखाच्या मुळाशी गेला की माशी उडत नाही, म्हणून हात स्थिर हवा. माझा थरथरतो. भाचीने सगळे केले, श्वास रोखून, आजीच्या देव्हाऱ्यासमोर रांगोळीचे ठिपके काढावेत तसे.

१२ जून

चार दिवसांत तीन चाचण्या. तीसपैकी पाच नर तिन्ही वेळा आले नाहीत. पाच! नातवाने लाल शाईने वहीत चौकट काढली.

१३ जून

चौकटीवर काट मारावी लागली.

आई सहज म्हणाली, "तुझ्या माशांना मी दोन दिवस बाहेर काढलं होतं हो, खोली धुतली तेव्हा. उन्हाची तिरीप होती, म्हटलं ओल जाईल." कुठे ठेवलंस? "वृंदावनाच्या कट्ट्यावर."

तुळस! तुळशीच्या पानांत मिथाइल युजेनॉल असतं. सगळ्या झाडांत सारखं नाही, काहींत साधं युजेनॉल जास्त, काहींत हे. म्हणजे तुळसही आमच्या माशांसारखीच, झाडागणिक वेगळी. आमची कुठल्या प्रकारची ते आज सकाळी कळलं. आईने पूजेला पानं खुडल्यावर मी तिथेच उभी राहिले. दहा मिनिटांत खुडलेल्या देठाच्या ओल्या टोकावर एक नर येऊन बसला, मग आणखी एक. सोंड टेकवलेली, जाणार नाही म्हणजे नाही. वीस वर्षं या अंगणात दिवा लावते आहे, कधी पाहिलं नव्हतं.

पिंजऱ्याची जाळी फांदीला टेकली असणार. कडेला बसलेल्या पाचसहा जणांनी जाळीतून पान चाटलं असणार. माझे पाच "जन्मजात न येणारे" बहुधा तुळशीचा प्रसाद घेऊन आलेले होते.

आईला काही बोलले नाही. पिंजऱ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : हलवू नये.

२० जून

तिसरी खेप. उशिराच्या आंब्यांतून मिळालेल्या माशा १६ जूनला निघाल्या. पिंजरा मागच्या खोलीत, खिडकीला दुहेरी जाळी, तुळशीपासून जितका लांब नेता येईल तितका. वाट बघणे. पाऊस मुसळधार.

६ जुलै

४, ५ आणि ६ जुलैला सकाळी नऊला तीन चाचण्या. छत्तीस नर, वय अठरा ते वीस दिवस, कोणीही कधीही काही न चाटलेलं.

चार नर तिन्ही वेळा आले नाहीत.

आता घाई नाही. चौघांना एकेक करून भिंगाखाली घेतलं. गुलाबी-उजवा याचा एक स्पर्शक मुळातून तुटलेला, बहुधा फ्रीजमधून काढताना. नाकच मोडलेल्याला वास कसा येणार? तो बाद. उरले तीन : लाल-मध्य, निळा-डावा, आणि दोन ठिपकेवाला. तिघांचे स्पर्शक शाबूत, पंख ठीक. नाक अजिबातच बंद आहे का पाहायला कुजलेल्या केळ्याची फोड जाळीमागे ठेवली. तिघंही पाच मिनिटांत हजर. म्हणजे वास येतो, हाच वास बोलावत नाही.

वय नाही, पोट नाही, वेळ नाही, इजा नाही. एवढं वजा करून तीन नर हाती लागले. अडीच महिन्यांत.

भाची म्हणाली, तीनच? मी म्हटलं, तीन तरी.

१० जुलै

तिघांना घेऊन पुढे काय करायचं यावर आज बराच खल. दोघांना वाटत होतं की "जनुक शोधूया". ते काम आपलं नाही. चीनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की या माशीच्या स्पर्शकांतला ओआर८८ए नावाचा ग्राही, म्हणजे वास पकडणारं प्रथिन, मिथाइल युजेनॉल ओळखण्यात महत्त्वाचा आहे. त्याचं जनुक दाबलं की पक्व नरांची ओढ कमी होते. पण प्रयोगशाळेत दाबलेलं जनुक आणि बागेत आपसूक जन्मलेला न येणारा नर या दोन वेगळ्या गोष्टी. आपल्या तिघांत फरक तिथेच असेल असं मानायचं कारण नाही. नाकापासून मेंदूपर्यंत वाटेत कुठेही असू शकतो.

आपल्या हातात जुना उपाय आहे : पोरं वाढवून बघणे. हवाईतल्या, १९९७ साली छापून आलेल्या प्रयोगात हेच केलं होतं. दर पिढीत न येणारे नर निवडून त्यांच्यापासूनच पुढची पिढी घेत गेल्यावर न येणाऱ्यांचं प्रमाण वाढत गेलं. म्हणजे गोष्ट वंशाने जाते, निदान काही अंशी.

अडचण माद्यांची. माद्या या वासाला येतच नाहीत, मग कुठली मादी कोणतं रक्त घेऊन आली आहे ते कसं ओळखणार? नातवाला पटेना. त्याला विचारलं, दुधाळ म्हशीच्या वाणाचा रेडा निवडताना रेड्याचं दूध काढून बघतात का? आईचं बघतात, बहिणींचं बघतात. इथे उलटं. गुण दिसतो नरात, वाहतो दोघांत. त्यामुळे निवड अर्धीच होते आणि फरक हळूहळू दिसतो. हे त्याला लगेच कळलं, गोठा घरचाच आहे.

वास आणि चवीच्या बाबतीत माणसाच्या उद्योगाने प्राण्यांची निवड होते ही काही काकांची कल्पना नाही, हे दोघांना सांगायला तीन उदाहरणं काढली.

झुरळांचं गोड विष. साखरेत विष घालून आमिष लावायचे, काही वर्षांनी काही जर्मन झुरळांनी ते खाणंच सोडलं. विषाला नाही, ग्लुकोजलाच नाही म्हणतात, आणि हा गुण पिढीजात. पुढे तपासलं तर त्यांच्या तोंडातल्या कडू ओळखणाऱ्या पेशीच ग्लुकोजने चेतवल्या जात होत्या. साखर कडू लागणारं झुरळ!

जपानच्या शिझुओका भागातले चहाचे मळे. पानं गुंडाळणाऱ्या पतंगाच्या नरांना गोंधळात टाकायला मादीच्या गंधातला एक घटक हवेत भरून ठेवायचे, १९८३ पासून. दहाएक वर्षांनंतर असर ओसरला. नरांना आता त्या एका घटकाने फसवता येईना. गंधातले बाकीचे घटक मिसळल्यावर उपाय पुन्हा लागू पडला.

तिसरं माझं आवडतं. सी. एलेगन्स हा मिलिमीटरभर सूत्रकृमी. गर्दी झाली की ते एकमेकांत एक गंधद्रव्य सोडतात. ते दाट झालं की पिल्लं वाढ थांबवून तग धरण्याच्या अवस्थेत जातात. या कृमीचा प्रयोगशाळेतला मूळ वाण १९५१ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलच्या अळंबीच्या खतातून आला. पुढे त्याच्या दोन शाखा निरनिराळ्या ठिकाणी द्रवात, दाटीवाटीने वाढवल्या गेल्या. दोन्हींत, एकमेकींशी संबंध नसताना, एसआरजी-३६ आणि एसआरजी-३७ या जनुकांची हीच जोडगोळी गळून गेली. गंध ओळखणारे ग्राहीच गेले. जिथे खाणं कधी संपतच नाही तिथे "गर्दी झाली, थांबा" ही हाक ऐकणारा मागे पडतो. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कोणी मुद्दाम निवड केली नव्हती, बाटली तशी होती एवढंच.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे काकांची बाटलीपण बाटलीच."

१५ जुलै

तिन्ही न येणाऱ्यांना वयात आलेल्या, अस्पर्श माद्यांच्या पिंजऱ्यात सोडलं. शेजारी दुसऱ्या पिंजऱ्यात तीन येणारे, तेवढ्याच माद्यांसह. माद्या दोन्हीकडे एकाच खेपेतल्या.

तिन्हीसांजेला दिवा न लावता बसलो. साडेसातच्या सुमाराला पंखांची बारीक गुणगुण सुरू झाली, डासापेक्षा जाड आवाज. लाल-मध्य कोपऱ्यात पंख थरथरवत बसला होता. एक मादी जवळ आली, थांबली, निघून गेली. पुन्हा आली. मग जोडी जमली. दोन्हीकडच्यांनी काही चाटलेलं नाही, त्यामुळे अत्तराच्या बाबतीत सामना बरोबरीचा. म्हणूनच ही जोडी बघून कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही असं दोघांना बजावलं. निळा-डावा मात्र दोन दिवसांनी मेला. त्याची पोरं आहेत की नाहीत, सांगता येणार नाही.

अंडी घालायला टाचणीने भोकं पाडलेली पिकली केळी.

२९ जुलै

न येणाऱ्यांच्या पातेल्यातल्या वाळूला बुरशी. जुलैच्या दमटपणात वाळू तव्यावर भाजून घ्यायला हवी होती. अर्धे कोष काळे पडले. उरलेले कोरड्या वाळूत हलवले. येणाऱ्यांच्या पातेल्याला काही झालं नाही, कारण ते चुलीच्या जवळ होतं. दोघांना सारखी वागणूक देणे या कलमाखाली हे माझं अपयश.

२४ ऑगस्ट

आजची तिसरी आणि शेवटची चाचणी. पोरं वीस दिवसांची.

न येणाऱ्यांचे मुलगे एकोणीस : त्यांतले सहा तिन्ही वेळा आले नाहीत.
येणाऱ्यांचे मुलगे बावीस : त्यांतले तीन आले नाहीत.

सगळ्यांचे स्पर्शक तपासले, शाबूत.

नातवाने अहवालात लिहून टाकलं होतं, "यावरून सिद्ध होते की". तेवढे शब्द खोडले. सहा आणि तीन. मग त्याला एक काम दिलं : एकेचाळीस चिठ्ठ्या कर, नवांवर फुली मार, डोळे मिटून एकोणीस उचल, फुल्या मोज. असं वीस वेळा कर. वीसपैकी तीन वेळा त्याला सहा किंवा जास्त फुल्या आल्या. नुसत्या नशिबाने. तो थोडा रागावला, चिठ्ठ्यांवरच.

अहवालात आता असं आहे : फरक अपेक्षित दिशेला दिसतो, पण एवढ्या माशांवर तो योगायोगापासून वेगळा काढता येत नाही. बुरशीचाही उल्लेख आहे. तुळशीचा पानभर आहे, तो भाग भाचीने स्वतः लिहिला आणि सगळ्यांत चांगला उतरला आहे.

काकांना काय सांगायचं ते ठरलं आहे. तुकडा वेळेवर बदला. आणि नुसत्या सापळ्यावर भिस्त ठेवू नका, पडलेले आंबे रोज वेचून पुरा. वासाला येणारी असो की न येणारी, अळी शेवटी पडलेल्या आंब्यातूनच वर येते.

२८ ऑगस्ट, चवथीचा दुसरा दिवस

गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळा-पानांची माटोळी यंदा भरगच्च. नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंगण, काकड्या, कणसं, आणि काकांच्या परसातले पेरू, पानांसकट.

दुपारच्या आरतीला काका आले. नमस्कार करून वर बघितलं आणि मला हळूच म्हणाले, "बाय, तुझी पाहुणी आली गो." गणपतीच्या उजव्या हातावरच्या पेरूला मऊ डाग आणि डागाच्या मधोमध टोचल्याचं बारीक भोक. त्यातून एक पांढरं टोक बाहेर येऊन परत आत गेलं.

पेरू उतरवू का विचारलं तर आईने डोळे वटारले. विसर्जनापर्यंत माटोळीतलं काही काढायचं नसतं.

नातू आत गेला, मोठी परात घेऊन आला. वाळू या खेपेला तव्यावर भाजून घेतली. पाटाच्या उजव्या बाजूला, समईपासून जरा लांब, बरोबर पेरूखाली परात ठेवली आहे. भाची तिच्यावर तारखेची चिठ्ठी लावते आहे.